आठ महिन्यांत पंधरा किलो: सायकोसिसचा रुग्ण, त्याचे वजन आणि आपण नर्सेस

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात वर्षभरापूर्वी रुजू झालेल्या स्टाफ नर्सने विचारले आहे: २६ वर्षांचा मुलगा, सायकोसिसचे (नसलेले आवाज ऐकू येणे, खोटे संशय येणे असा तीव्र मानसिक आजार) निदान, त्यावर रोज रात्री ओलान्झापिनची गोळी. आवाज ऐकू येणे थांबले, झोप लागते, घरातली आदळआपट थांबली. पण गोळी सुरू झाली तेव्हा ६१ किलो असलेले वजन आठ महिन्यांत ७६ वर गेले. ‘मी दर वेळी सांगते, कमी खा, चालायला जा. दोन महिन्यांपासून तो यायचाच बंद झाला, आई येऊन गोळ्या घेऊन जाते. ताई, माझे काय चुकले? आणि आता काय करू?’

तू दोन्ही वजने लिहून ठेवलीस म्हणून हा प्रश्न विचारता तरी आला. मी मनोविकार विभागात आणि नंतर गावागावांतल्या भेटींत मिळून बावीस वर्षे काढली. ज्यात वजनाची जागा पहिल्या दिवसापासून कोरी आहे, असे केसपेपर किती हाताखालून गेले ते मोजलेले नाही. कुठून सुरुवात झाली हेच माहीत नसेल तर किती वाढले हे कोण सांगणार?

आता त्याच्या भुकेबद्दल. ओलान्झापिन आणि त्याच गटातले क्लोझापिन मेंदूतल्या हिस्टामिन आणि सेरोटोनिन या रसायनांच्या काही रिसेप्टरांना (ती रसायने जिथे जोडली जातात त्या जागांना) अडवतात. भूक लागणे आणि पोट भरल्याचे समाधान होणे, दोन्ही त्यांच्याशी बांधलेले आहे. म्हणून या मुलाला भूक जास्त लागते आणि जेवून उठल्यावरही ती जात नाही. माझा एक रुग्ण म्हणायचा, ‘जेवलों तरी पोट भरना, सिस्टर.’ तो ताटावरून उठायचा आणि दहा मिनिटांनी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायचा. घरच्यांना तो हावरटपणा वाटायचा. त्यात शरीराची इन्शुलिनला दाद देण्याची ताकदही ही औषधे कमी करतात. याच आजारावरच्या क्वेटियापिन आणि रिस्पेरिडोनने वजन मध्यम वाढते, अ‍ॅरिपिप्राझोलने त्या मानाने कमी. दिवसभराची गुंगी आणि आजारानेच आलेली उदासीनता, ‘कशाला उठायचे’ ही भावना, हे सगळे त्यावर चढते. अशा माणसाला ‘कमी खा, चालायला जा’ म्हणणे म्हणजे तापाने फणफणलेल्याला ‘अंग गार ठेव’ म्हणण्यासारखे आहे. तू वाईट हेतूने बोलली नाहीस. आपल्या सगळ्यांना प्रशिक्षणात हेच वाक्य शिकवले गेले. पण त्याला ते ऐकू आले असेल ते असे: माझी चूक आहे, आणि दर महिन्याला ती चूक काट्यावर सिद्ध होणार. मग तो का येईल?

तुझे चुकले ते वेळेत. औषध सुरू करताना असलेल्या वजनाच्या ५ टक्के वाढ झाली की सावध व्हायचे, हा धोक्याचा आकडा अमेरिकेतल्या मधुमेह आणि मनोविकार तज्ज्ञांच्या संघटनांनी २००४ मध्ये एकत्र बसून ठरवला. ६१ चे ५ टक्के म्हणजे जेमतेम तीन किलो. म्हणजे काटा ६४ ला टेकला तेव्हाच डॉक्टरांना फोन जायला हवा होता, आणि तो टप्पा बहुधा पहिल्या दोन महिन्यांतच आला असणार. वजन सर्वांत झपाट्याने चढते ते सुरुवातीच्या काही आठवड्यांत. म्हणून ब्रिटनच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये नव्या औषधावर पहिले सहा आठवडे दर आठवड्याला वजन, मग बाराव्या आठवड्याला, मग वर्षाला, असे लिहिले आहे. साखर, लिपिड (रक्तातली चरबी) आणि बीपी सुरुवातीला, बाराव्या आठवड्याला आणि पुढे दरवर्षी. आपल्याकडे दर आठवड्याला रुग्ण केंद्रावर येणार नाही हे मलाही कळते. पण आशाताई त्याच वाड्यावर राहते. तिच्याकडे काटा दे, नाहीतर घरच्यांना जवळच्या रेशन दुकानात वजन करून आकडा मोबाइलवर पाठवायला सांग. परिपूर्ण नसेल, चालेल.

सुरुवातीला कोणी बोलत का नाही, याचे आपल्याकडे एक खास कारण आहे. आजारात हा मुलगा हाडाचा सापळा झालेला असतो. अन्नात विष घातलेय या संशयाने कित्येक दिवस फक्त बंद पुड्यातली बिस्किटे खाऊन राहिलेला असतो. गोळी लागू पडते, तो भात मागून घेतो, गाल भरतात. आई म्हणते, ‘अंगाने भरला, बरा दिसतो आता.’ शेजारी म्हणतात, डॉक्टर म्हणतात, आपणही म्हणतो. पहिले चार-पाच किलो आनंदाचे असतात, आणि खरोखरच काही जणांना ते हवेच असतात. म्हणून आजारपणाच्या आधीचे वजन किती होते हे घरच्यांना विचारून केसपेपरवर लिही. भरून निघालेले किलो कोणते आणि वर चढलेले कोणते, हे त्याशिवाय कळत नाही.

आणि आपण गोव्यात आहोत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वांत जास्त गोव्यात निघाले, २६.४ टक्के. म्हणजे तुझ्या रुग्णाच्या घरात कोणाला ना कोणाला साखर असण्याची शक्यता औषधाआधीपासूनच आहे. त्याच्या आईला विचार, तिच्या भावंडांना विचार. तीव्र मानसिक आजार असलेली माणसे इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षे आधी जातात असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि बहुतेकांना नेते ते हृदयविकारासारखे शरीराचे दुखणे. आवाज थांबले, आता बाकीचे नंतर पाहू, असे म्हणायला आपल्याला जागा नाही.

मी वजन कसे करते ते सविस्तर सांगते, कारण माणूस तुटतो तो इथेच. पूर्वी आमचा काटा ओपीडीच्या बाकांसमोर होता. कर्मचारी आकडा मोठ्याने वाचायचा, दुसरा लिहायचा, बाकावरचे बघायचे. एकदा एका मुलीने काट्यावर पाय ठेवला आणि तशीच मागे सरून दाराबाहेर गेली. तिला वाटले, आकडा सगळ्यांना सांगण्यासाठीच मोठ्याने म्हणतात. संशयाने ग्रासलेल्या माणसाला असे वाटण्यात नवल काय? त्या दिवशी मी काटा ड्रेसिंग रूममध्ये, पडद्यामागे नेला. आता मी आधी विचारते, ‘आज वजन करूया का? नको असेल तर पुढच्या खेपेला.’ चपला काढून, खिशातला मोबाइल बाजूला ठेवून, शक्यतो दर वेळी त्याच सुमाराला. आकडा मी तोंडाने म्हणत नाही. तो स्वतः वाचतो, वाचायचा नसेल तर मी लिहून ठेवते.

कंबर मोजताना आणखी जपायला हवे. अंगावर हात येणे या माणसांना किती भीतीचे असू शकते हे तुला माहीत आहे. टेप त्याच्याच हातात दे. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, टेप आवळायची नाही. एकदा दाखवले की बहुतेक जण स्वतः मोजतात. आपल्या लोकांसाठी पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटीमीटर ही मर्यादा धरायची, आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३ च्या वर गेला की जास्त वजन, २५ च्या वर स्थूलपणा. युरोपचे आकडे इथे लावलेस तर पोट सुटलेला माणूसही कागदावर ठीक दिसेल.

आता त्याच्या घरी जा. त्याला केंद्रावर बोलावू नकोस, तूच जा, आणि पहिल्या भेटीत वजनाचा विषयच काढू नकोस. चहा घे. मग विचार, काल सकाळपासून काय काय खाल्ले? आई बोलायला लागेल, तिला जरा थांबव, त्याला सांगू दे. बहुतेक घरांत मला ऐकायला मिळते ते असे: सकाळी पोदेर (पाववाला) आला की चार पाव आणि दोन चमचे साखरेचा चहा. दहाला पुन्हा चहा, बिस्किटे. दुपारी भाताचा डोंगर, हुमण (माशांची आमटी), रव्यात तळलेला बांगडा. संध्याकाळी नाक्यावर जाऊन भजी-पाव आणि थंड पेयाची बाटली. रात्री पुन्हा भात. आणि एकच्या सुमाराला उठून टोपातला उरलेला भात, नाहीतर बिस्किटांचा आख्खा पुडा. ही रात्रीची खेप कोणी आपणहून सांगत नाही, लाज वाटते. मी थेट विचारते, ‘या गोळीवर असलेल्या बऱ्याच जणांना रात्री उठून खावेसे वाटते, तुला होते का तसे?’ असे विचारले की तोंडावरचा ताण उतरलेला दिसतो.

या यादीतले सगळे बदलायला जाऊ नकोस. मी सर्वांत आधी बाटलीला हात घालते. ६०० मिलिलिटर कोला पेयात बारा चमच्यांच्या आसपास साखर असते. त्याच्यासमोर ग्लासात बारा चमचे साखर घालून दाखव, भाषण नको. पण तो बाटली का पितो हेही बघ. या औषधांनी तोंड कोरडे पडते, त्याला सतत काहीतरी ओले हवे असते. त्याच्या जागी बिनसाखरेचे सोलांचे (कोकमाचे) पाणी मीठ घालून, पातळ ताक, साधे पाणी, असे काहीतरी हाताशी भरून ठेवायला आईला सांग. दुसरे, रात्रीचे खाणे. ते बंद होणार नाही, भूक खरी आहे. मग काय खायचे ते आधीच ठरवून ठेवायचे: काकडी, उकडलेले आळसांदे (चवळी) किंवा मूग, एक अंडे. बिस्किटांचे पुडे लपवू नका, घरात आणूच नका. लपवलेले सापडले की भांडण होते, आणि भांडणाने आजार उफाळतो.

मासे तोडू नकोस. आमच्याकडे बाहेरून आलेले आहारतज्ज्ञ कधी कधी नुस्ते, म्हणजे मासेच बंद करायला सांगायचे, त्याच दिवशी घरच्यांनी त्यांचे ऐकणे बंद केलेले मी पाहिले आहे. हुमणातला बांगडा चालतो, तळणीतला आठवड्यातून एकदा. भाताचा एक डाव कमी आणि तांबडी भाजी किंवा मूगगाठी एक डाव जास्त, इतकेच सांग. नारळ थोडा आवरता आला तर उत्तम, नाही आवरला तर आज नको. चवथीला नेवऱ्या खाऊ दे. सण झाला की परत मार्गावर येता येते, पण सणाला एकटा पडलेला मुलगा लवकर परत येत नाही.

चालण्याचे म्हणशील तर ‘व्यायाम’ हा शब्द मी सोडून दिला आहे. तो आजारी पडण्यापूर्वी काय करायचा ते विचार. सत्तरीतला मुलगा असेल तर काजूच्या बागायतीत गेलेला असणार. माझा एक रुग्ण तीन वर्षे खोलीबाहेर पडला नव्हता. मार्च महिन्यात त्याचा काका त्याला बोंडू (काजूची फळे) वेचायला डोंगरावर घेऊन गेला. पहिल्या दिवशी वीस मिनिटांत तो सावलीत बसला. हंगाम संपेपर्यंत दोन तास चढ-उतार करत होता. त्याचे वजन तीन महिन्यांत फक्त दोन किलो उतरले, पण वाढ थांबली आणि कंबर चार सेंटीमीटरने कमी झाली. त्या हंगामात उराकाची, म्हणजे काजूच्या दारूचीही सोय हाताशी असते, ते काकाला आधीच सांगून ठेवायचे. पावसाळ्यात सत्तरीत चार महिने बाहेर पडणे मुश्किल. तेव्हा देवळाचा सभामंडप, घराची पडवी, नाहीतर केंद्रावर येताना कदंब बस एक थांबा आधी सोडणे.

हे सगळे सोबतीने आणि पुन्हा पुन्हा करायचे काम आहे. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अचीव्ह चाचणीत गटाचे वर्ग, एकट्याशी बोलणे आणि एकत्र व्यायाम हे दीड वर्ष सतत चालू ठेवले, तेव्हा इतरांच्या तुलनेत सरासरी ३.२ किलो उतरले. इंग्लंडमधल्या स्टेपवाइज चाचणीत सुरुवातीला गटात बसवून चार वर्ग घेतले, नंतर अधूनमधून संपर्क ठेवला, आणि वर्षाअखेर वजनात फरक दिसला नाही. सिडनीच्या बॉन्डाय भागात मात्र नर्स, आहारतज्ज्ञ आणि व्यायामतज्ज्ञ औषध सुरू झाल्याबरोबर तरुणांच्या पाठीशी उभे राहिले. बारा आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी १.८ किलो वाढले, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचे ७.८. चढलेले उतरवण्यापेक्षा चढू न देणे किती सोपे आहे ते बघ. तुझ्याकडे पुढचा नवा रुग्ण येईल तेव्हा पहिल्या गोळीच्या दिवशीच त्याला आणि आईला सांग, ‘या औषधाने भूक वाढेल, ती तुझी चूक नसेल, आपण मिळून लक्ष ठेवू.’

पण या मुलाचे पंधरा किलो फक्त सोलांच्या पाण्याने उतरतील, ही आशा तू बाळगू नकोस आणि त्यालाही देऊ नकोस. डॉक्टरांना लिहायलाच हवे. नुसते ‘वजन वाढले आहे’ असे लिहिलेस तर पुढच्या गर्दीत ते हरवेल. आकडे लिही, आणि शेवटी मागणी लिही. उदाहरणार्थ: ‘आठ महिन्यांत वजन ६१ वरून ७६, कंबर ९८, बीपी १३४/८६, उपाशीपोटी साखर ११२. रुग्ण वजनामुळे गोळ्या सोडण्याच्या विचारात. औषध बदलणे किंवा मेटफॉर्मिन सुरू करणे याचा विचार व्हावा.’ मेटफॉर्मिन ही मधुमेहाची जुनी, स्वस्त गोळी. २००८ साली चीनमधल्या एका अभ्यासात औषधाने वजन वाढलेल्या तरुण रुग्णांना ती दिली. बारा आठवड्यांत मेटफॉर्मिन आणि आहार-व्यायाम दोन्ही मिळालेल्यांचा बीएमआय १.८ ने उतरला, फक्त मेटफॉर्मिनवर १.२ ने, फक्त आहार-व्यायामाने ०.५ ने. काहीच न मिळालेल्यांचा १.२ ने वाढला. लिहून द्यायचे की नाही हे डॉक्टर ठरवतील, मूत्रपिंडाची तपासणी करून. आपले काम विचारण्याचे, आणि सुरू झाल्यावर सांभाळण्याचे: जेवणासोबत घ्यायची, पहिले काही दिवस मळमळ किंवा जुलाब होतील, तेवढ्यावरून सोडायची नाही.

ओलान्झापिन बदलायचे की नाही हा निर्णय घाईचा नसतो. नव्या औषधावर आवाज परत आले तर काय, हे कुटुंबाशी बोलून ठरवावे लागते. पण स्वतःहून बंद करणे कधीच नाही. फिनलंडमधल्या रुग्णांच्या अकरा वर्षांच्या नोंदी २००९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. वजन सर्वांत जास्त वाढवणाऱ्यांपैकी असलेले क्लोझापिन घेणाऱ्यांत मृत्यू सर्वांत कमी होते, आणि औषधच न घेणाऱ्यांत जास्त. आईला हे सांग, कारण शेजारी तिला ‘गोळ्या बंद कर, बघ कसा बारीक होतो’ असे सांगत असतीलच.

एक गोष्ट माझ्या स्वतःच्या हातून घडलेली. चाळिशीची बाई, क्लोझापिनवर, दोन वर्षे वजन चढत गेलेले. एका खेपेला काट्यावर उभी राहिली आणि दीड महिन्यात सात किलो कमी! मी तिला शाबासकी दिली, बाकीच्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. तिची बहीण दारात उभी राहून म्हणाली, सिस्टर, ती पाणी खूप पिते, रात्री चार-चार वेळा उठते. मी म्हटले, क्लोझापिनने होते कधी कधी. चार दिवसांनी ती कॅज्युअल्टीत, साखर पाचशेच्या वर, श्वास धापा टाकत. वाचली, पण तिच्या बहिणीची नजर मला अजून आठवते. तेव्हापासून माझा नियम आहे: प्रयत्न न करता वजन उतरले, तहान वाढली, लघवी वाढली, यांतले काहीही दिसले तर त्याच मिनिटाला बोट टोचून साखर. उद्यावर टाकायचे नाही.

सिगारेट-विडी ओढणाऱ्यांबद्दलही लक्षात ठेव. तंबाखूच्या धुराने यकृत ओलान्झापिन आणि क्लोझापिन लवकर संपवते. माणसाने धूर सोडला की काही दिवसांत तोच डोस अंगात जास्त साठतो, गुंगी वाढते, क्लोझापिनवर तर फिटचा धोकाही असतो. त्याने सोडायलाच हवी, आपण मदतही करायची, पण त्या दिवशी डॉक्टरांना कळवून. आणि क्लोझापिन असेल तर दर भेटीत शौचाला कधी गेला होता ते विचारायचे. बद्धकोष्ठ या औषधावर जिवावर बेतू शकते, म्हणून तिथे पाणी आणि भाज्या वजनापुरत्या नाहीत.

गोळ्यांऐवजी इंजेक्शनवर असलेले रुग्ण आपल्या हातात महिन्यातून एकदा नक्की येतात. पंधरा मिनिटे जास्त धर, वजन, बीपी, एक प्रश्न झोपेबद्दल, एक खाण्याबद्दल. तुझ्या या रुग्णासाठी ती सोय नाही, म्हणून तुला जावे लागेल. बुधवारी लसीकरणाला त्या वाड्यावर जात असशील तर परत येताना जा. त्याने दार उघडले नाही तर ओसरीवर आईशी बोल आणि निरोप ठेव: ‘मी वजन करायला आले नव्हते. गोळीने भूक लागते हे तुला आधी सांगायला हवे होते, ते सांगायला आले होते.’ मग मला कळव काय झाले. किलो नको कळवूस, त्याने रात्री एक वाजता काय खाल्ले ते सांगितले का, एवढे कळव.